उलटे नाल

“घोड्यांचं नाल उलटं ठोकायचं, असा जनरलसायबाचा हुकूम व्हता,” धुळा म्हणाला. बशी ओठाशी नेता नेता नूरजहांचा हात थांबला.

धुळा कडेगावचा. पासष्टच्या लढाईत तो तिच्या नवऱ्याबरोबर, मोहिद्दीनबरोबर, घोडदळात होता. तिथून जखमी होऊन सुटला आणि मुलखाबाहेर पोटापाण्याला लागला. आता म्हातारपणी गावी परतला, तो दोस्ताचं घर विचारत विचारत वडूजला आला होता.

“कच्छच्या रणातनं सरहद्द वलांडायची, दुश्मनाचा दारूगोळा पेटवायचा. चिखलात ठसा लय साफ उठतो. नाल उलटं असलं की घोडं गेलं तर वाटतं आलंय, आलं तर वाटतं गेलंय. आमच्या तुकडीबाहेर कुनाला पत्त्या न्हाई. वैनी, मोहिद्दीननंच ठोकलं सगळं. म्हनला, आमचा नालबंद आब्बा बघता तर टाळक्यात हातोडा घालता!”

बोळकं पसरून तो हसला. नूरजहांही हसली. गुडघ्यात घोड्याचा खूर, ओठांत खिळे. बोलता येत नाही म्हणून नुसत्या भुवया उडवणारा तो तिला दिसला. वीस वर्षांचाच दिसला.

गावात मात्र तेव्हा भलतीच खबर आली होती. सुट्टीवरच्या कुणा शिपायानं पारावर सांगितलं होतं, आपल्या चौकीजवळच्या दलदलीपासून एका घोड्याचे ठसे निघालेत ते थेट शत्रूच्या मुलखात. मोहिद्दीन तिकडं पळाला. लेक शाझिया हे ऐकतच मोठी झाली. नूरजहां कुणाशी भांडली नाही. पळाला तर पळाला. कुठं तरी जेवत असेल, दुसरी केली असेल. एखाद्या दिवशी आठवण येईल. हातातल्या हिरव्या बांगड्या तिनं कधी उतरवल्या नाहीत.

“भावजी, माघारी येताना नाल सरळ केलं व्हतं?”

“आवं, तेवढी उसंत कुठली? मला गोळी लागल्याली. त्याचं घोडं लांब मागं राह्यलं व्हतं.”

दारातली शाझिया ओरडलीच, “अम्मी! म्हंजे अब्बा पळालं न्हवतं. घरला येत व्हतं!”

“व्हय गं,” नूरजहां म्हणाली. “ठसं दलदलीपासनं सुरू न्हवतं झालं. दलदलीपाशी संपलं व्हतं.”

तिनं बशी खाली ठेवली आणि एकेक बांगडी उतरवायला लागली.