रविवारचा हात

सुताराने फादरांच्या टेबलाचा खण आत ढकलला, बाहेर ओढला, परत ढकलला. खण आता मुकाट सरकत होता. तरी सुतार काही जायचं नाव घेईना.

"बोल की," फादर म्हणाले. "तू आढेवेढे घ्यायला लागलास की काहीतरी मोठं असतं."

"रविवारच्या मिस्सेत हातात हात देणं परत कधी सुरू होणार?"

फादर हसलेच. प्रार्थनेत "शांती असो" म्हणत शेजाऱ्याचा हात हातात घ्यायचा, ते तापाच्या साथीत चर्चच्या कमिटीने बंद केलं होतं. त्याऐवजी नुसते हात जोडायचे. साथ गेली, हात जोडणं राहिलं.

"कमिटी म्हणते, हेच बरं. आता कायमचंच. तुझं काय अडलंय त्यावाचून?"

सुतार रंध्यात अडकलेला कीस फुंकत राहिला. "मी शिंप्याशेजारी बसतो," तो म्हणाला.

फादरांचं हसू मावळलं. सुताराचं मन पुरुषांकडे ओढ घेतं, हे जगात फक्त त्यांना ठाऊक होतं. मिसरूड फुटायच्या वयात तो याच खोलीत येऊन रडला होता. त्यांनी त्याला हाकललं नाही, कुणाकडे बोलले नाहीत. एकटा राहा, प्रार्थना कर, एवढंच सांगितलं. आणि हा पठ्ठ्या खरोखरच एकटा राहिला.

"शिंप्याला काही कळलंय?"

"छे. त्याची बायको असते पलीकडे, पोरं असतात. मला त्याचं काही नकोय, फादर. तो हात हातात घ्यायचा, बस. सुईने घट्टे पडलेत त्याच्या बोटांना. तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा." सुतार जरासा हसला. "आता न्हावी सोडला तर कुणी हात लावत नाही मला. आणि डोक्यावर केस तरी किती राहिलेत."

इतकी वर्षं फादरांनी त्याला सल्ले दिले, वचनं वाचून दाखवली, त्याच्यासाठी गुडघे टेकले. पण त्याच्या खांद्यावर कधी हात ठेवल्याचं काही आठवेना. हे टेबलही त्यांनी त्याच्याकडूनच मुद्दाम रुंद करून घेतलं होतं. लोक मन मोकळं करतात तेव्हा मध्ये थोडं अंतर असलेलं बरं, असं तेव्हा म्हणाले होते.

ते उठले. दार नीट लागलंय ना, ते पाहिलं. मग टेबलावर वाकून त्यांनी हात पुढे केला.

"शांती असो, लेकरा."

सुतार त्या हाताकडे बघत राहिला. त्याला तो इतका हवा होता, की त्याने आपला तळवा शर्टाला पुसलासुद्धा. मग त्याच हाताने हत्यारांची पिशवी उचलली.

"असा नको, फादर. रविवारी द्या. सगळ्यांसमोर, सगळ्यांना देता तसा."

जाताना त्याने दार उघडंच ठेवलं. फादर अजून तसेच वाकलेले होते. त्यांचा हात टेबलाच्या मध्यापर्यंतच पोचला होता.