मोझेलमावशींची साक्ष

ओहायोतल्या सात उपनगरांचे महापौर ज्यूद्वेषाविरुद्ध एकत्र ठराव करायला जमले होते. साक्षीला मूळच्या रेवदंड्याच्या मराठी ज्यू, ऐंशीच्या मोझेलमावशी उभ्या राहिल्या. ज्यूंच्या दारावर असते ती प्रार्थनेची डबी, मेझुझा, कुणीतरी त्यांच्या चौकटीवरून उखडून नेली होती. सांगायला लागल्या आणि चाळीस वर्षं बोललेलं इंग्रजी आटलं. “हिमानी, मराठीत सांगू का गं?” त्यांच्या गावची महापौर हिमानी भाषांतर करू लागली. “रेवदंड्याला शेजारच्या कोळीणकाकू जाता-येता आमच्या मेझुझाला हात जोडायच्या, मला हाक मारायच्या. इथे आता दार लावून बसते.” एका महापौरांनी विचारलं, “दाराशी पोलीस ठेवू?” “ठेवा. पण जाता-येता हाकही मारा.” हिमानीने तेही जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. ठराव एकमताने झाला. रविवारी शेजारगावचे महापौर कुत्रा फिरवताना फुटपाथवरूनच ओरडले, “मोझेलमावशी!” उच्चार वाकडाच होता. मावशी दार उघडून मराठीतच म्हणाल्या, “या ना!”