दोन तारा जादा

इंदापुरात झुंबरतात्यांच्या फर्निचरच्या दुकानात उभा राहून बिरदेव आपल्याच गिटारच्या तारा मोजत होता. दोनदा मोजल्या. दोन्ही वेळा सहा भरल्या.

बिरदेव बारामतीच्या एका ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवायचा. बासला तारा चारच असतात, पण सुतळीएवढ्या जाड. वालचंदनगरच्या कॉलनीतल्या एका साहेबाकडून त्यानं ती जुनी उचलली होती. तार पिळायची एक चावी तुटली, म्हणून आठ दिवसांपूर्वी तात्यांकडे टाकली. तात्या पलंगाचे पाय आणि पेटीचे भाते एकाच हातानं दुरुस्त करायचे. काम एवढंच सांगितलं होतं की चावी बदला.

चावी बदलली होती. झकास बदलली होती. तिच्या शेजारी मात्र आणखी दोन भोकं पाडून दोन जादा चाव्या ठोकल्या होत्या, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत साध्या गिटारच्या सहा बारक्या तारा ताणल्या होत्या.

"दोन तारा कमी देऊन फसवलं व्हतं तुला," तात्या म्हणाले. "आता बघ."

तात्या तेवढ्यावर थांबले नव्हते. स्वतःच्या खर्चानं एसटीत बसून वालचंदनगरला गेले होते, साहेबाचं क्वार्टर हुडकलं होतं, आणि गरिबाच्या गिटारच्या दोन तारा हाणल्या म्हणून फाटकात उभं राहून भांडले होते. साहेबानं समजावलं की बाबा, ही जातच चार तारांची. तात्या म्हणाले, चोर असंच म्हणतो. शेजारपाजारचे गोळा व्हायला लागले, तसं साहेबानं आपल्या मुलीच्या गिटारच्या दोन चाव्या काढून तात्यांच्या हातावर ठेवल्या आणि दार लावून घेतलं.

हे सगळं तात्यांनी बिनमजुरीचं केलं होतं. बिरदेवला खरा राग आला होता, तो त्यामुळंच. पैसे घेऊन वाटोळं करणाऱ्याला शिवी तरी देता येते.

चार वाजता त्याला भिगवणला पोचायचं होतं. लग्नाचा कार्यक्रम होता. ऑर्केस्ट्राचे मालक रविराजराव यांनी नवा कॅसिओ कीबोर्ड आणला होता आणि बिरदेवला सगळ्यांदेखत ऐकवलं होतं की चारला तू दिसला नाहीस, तर तुझा बास इथून पुढं कॅसिओच वाजवेल, डाव्या हातानं. त्याला जेवणही लागत नाही.

"माझ्या जाड तारा कुठं हायत?"

तात्यांनी हिशोब दिला. एकीवर दुकानाचा बोर्ड टांगला होता. एकीनं गिऱ्हाइकाच्या पलंगाचा फुटका पाय आवळला होता. एक गल्ल्यात जपून ठेवली होती, कधी लागली तर असावी म्हणून.

"आन् चौथी?"

"ती सिद्धूच्या लुनाला. त्याची ब्रेकची वायर तुटलेली. हिच्या टोकाला गोटी बी हाय, कंपनीनं केल्यावानी. ब्रेक काय लागतोय, बिरदेवा."

तसली तार पुण्याच्या अलीकडं मिळत नव्हती. बिरदेवनं बोर्ड खाली काढला. पलंग लंगडा केला. गल्ला उघडला. मग पक्कड घेऊन सहाच्या सहा बारक्या तारा तोडायला बसला. तात्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं आणि भिंतीलाच सांगितलं, भोकं बुजवायची झाली तर मजुरी पडेल.

सिद्धू रोज भिगवणहून मासळी आणायचा आणि दुपारी रिकाम्या पाट्या घेऊन परत जायचा. दोनच्या सुमाराला त्याची लुना दुकानासमोर आली आणि कचकन जागच्या जागी थांबली. तात्यांनी मोठ्या अभिमानानं बिरदेवकडं पाहिलं. बिरदेव तोवर लुनाखाली शिरला होता.

"आवो, मी थांबू कसा मग?" सिद्धू म्हणाला.

"मागला ब्रेक हाय की," बिरदेव खालून म्हणाला.

"त्यो दिवाळीपासनं न्हाय."

तार निघाली. तिला ग्रीस होतं, खवले होते, आणि वास तर विचारू नका. एवढ्यात स्टँडवरची एसटी निघून गेली. म्हणून ब्रेक काढून घेणारा आणि ज्याचा काढून घेतला तो, असे दोघं एकाच लुनावर निघाले. सिद्धूनं कामं वाटून दिली. चालवणार तो, थांबवणार बिरदेव, मागं बसून, चपला घासून.

पळसदेवपर्यंत बिरदेवची एक टाच संपली होती. मधल्या मोकळ्या रस्त्याला त्यानं चौथी तार चढवली, पिळली आणि कान लावला. सुरात होती. त्याचा राग तसूभर कमी झाला नाही, उलट जरा सुरात आला.

भिगवणच्या अलीकडं उतार लागला. सव्वाचार झाले होते. उताराच्या पायथ्याला, रस्त्याच्या वळणावरच मंडप होता आणि भोंग्यातनं गाणं येत होतं. गाण्याच्या बुडाशी बिरदेवची स्वतःची बासची चाल होती. त्यानं तीन वर्षं बोटं सोलून बसवलेली, जशीच्या तशी. कुठं अडखळत नव्हती, कुठं दमत नव्हती.

"तुमचं सुरू झालं की," सिद्धू म्हणाला.

कमानीतनं सरळ स्टेज दिसत होतं. मधोमध कॅसिओ होता आणि त्याच्यामागं खुद्द रविराजराव. डावा हात पट्ट्यांवर, उजव्या हातात चहाचा कप.

सिद्धूनं रेस सोडली. लुनानं सोडली नाही.

"पाय लावा," सिद्धू म्हणाला. "पाय लावा, मंडप आला."

बिरदेवनं गिटार पोटाशी धरली आणि दोन्ही पाय वर घेतले.