कॉलम त्यांचे, भिंती तिच्या

मिरजेला घरातूनच काम करणारी सुनेत्रा हॉस्पिटलच्या नकाशातल्या भिंती काढायची आणि पुण्याचे इंजिनिअर दाबके त्याच नकाशातले कॉलम. त्यांची फाईल तिच्या ड्रॉइंगला जोडलेली होती. त्यांनी कॉलम हलवला की तिच्या स्क्रीनवर सूचना यायची. दिवसभरात तिला हाक मारणारं दुसरं कोणी नव्हतं.

आज ‘फाईल सापडत नाही’ असं दिसलं. तिनं ऑफिसला फोन केला.

“दाबके नोकरी सोडून गेले. नवी लिंक पाठवतो.”

तिनं त्यांचा नंबर मागून घेतला आणि धीर करून लावला.

“मी मिरजेची सुनेत्रा. तुमच्या कॉलमशेजारच्या भिंती माझ्या असायच्या.”

“कुठल्या प्रोजेक्टच्या?”

“हॉस्पिटलच्या.”

“त्या कोण काढतं, कधी पाहिलंच नाही हो.”

“असू दे,” ती म्हणाली.

फोन ठेवून तिनं नवी फाईल जोडली. सगळे कॉलम जागच्या जागी होते.