छगनचा डॉक्टर

शहाद्याच्या एस.टी. स्टँडपुढच्या फाट्यावर छगनने टांगा थांबवला. डावीकडच्या गल्लीत नवा डॉक्टर, उजवीकडे जुना. मागे त्याची आई तापीबाई घोंगडीत गुंडाळून पडली होती. तीन दिवसांचा ताप, आणि आज सकाळपासून धाप लागलेली.

खरं तर छगनला थांबायचं कारणच नव्हतं. दिवाळीपासून तो एस.टी.तून उतरणारं एकूण एक दुखणं हेरून नव्या डॉक्टरकडे नेत होता. पेशंटमागे आठ आणे. बोलणंही तोंडपाठ होतं. “मुंबईले शिकेल डॉक्टर शे! एक सुई, दोन पुड्या, आन् तिसरा रोज मानूस वावरमा!” हे तो अशा तोऱ्यात म्हणे की कण्हणारा माणूसही कण्हायचा थांबून टांग्यात चढे.

पण आज त्याचा हात चालेना. डॉक्टर चांगला आहे का? हा साधा प्रश्न सहा महिन्यांत त्याला पडलाच नव्हता, आणि आज पडला तर उत्तर सापडेना. इतकी माणसं नेली, त्यातलं बरं कोण झालं? प्रकाशा गावचा एक म्हातारा परत जाताना दिसला होता खरा. पण तो आपल्या पायांनी चालत होता, की पोरांनी धरला होता? एक बाई रडत बाहेर आली होती. ती कशाने रडत होती? छगनला काही म्हणता काही आठवेना. कंपाउंडरने हातावर आठ आणे ठेवले की त्याचं लक्ष पुढच्या गाडीकडे लागलेलं असे.

शेजारी सुपडूचा टांगा उभा होता. सुपडू जुन्या डॉक्टरचा माणूस. त्यालाही तिकडून आठ आणेच मिळत, म्हणून दोघांचं फारसं पटत नसे. पण आज छगनला राहवलं नाही.

“सुपडूभाऊ, तुन्हा डॉक्टर कसा शे?”

“त्याना हातले यश शे! मरेल मानूस उठी बठस...”

“ते राहू दे. टांगामा मन्ही माय शे.”

सुपडूचं तोंड उघडंच राहिलं. त्याने वाकून तापीबाईकडे पाहिलं. टोपी काढली, पुन्हा घातली.

“माले काय इचारस, भाऊ? मी ते दारपावत जास.” मग हळूच म्हणाला, “आन् तुन्हावाला?”

“मी बी दारपावतच.”

दारापलीकडचं दोघांनाही ठाऊक नव्हतं. छगनला आईची धाप ऐकू येत होती.

घोड्याला मात्र असली काही शंका नव्हती. लगाम सैल पडताच तो रोजच्या सवयीने डावीकडे वळला. छगनने त्याला अडवलं नाही. अडवून न्यायचं कुठे, तेच कळत नव्हतं.

“छगन,” मागून तापीबाईने दम घेत घेत विचारलं, “डॉक्टर चांगला शे ना रे, बाबा?”

“माय, मुंबईले शिकेल शे,” त्याच्या तोंडून आपोआप निघालं. “एक सुई, दोन पुड्या, आन् तिसरा रोज...”

आवाज तोच होता, तोराही तोच. फक्त आज छगन स्वतःच कान देऊन ऐकत होता, खरं वाटतंय का ते.