न घसरणारी शीट

लेक रूपाच्या डोळ्याखालचं काळंनिळं शालिकरामला दिसलं, तसा जावई अनुप म्हणाला, "बाथरूमात घसरली मामाजी. फरशी लय गुळगुळीत हाये."

जावयाला उलटून विचारायची रीत नाही. पण शेलूबाजारच्या दुकानात शालिकरामने फरशीवर टाकायच्या विनाइल शीटचे सगळे नमुने खाली पसरायला लावले, एकेकावर साबणाचं पाणी ओतलं आणि अनवाणी चालून पाहिलं. जिच्यावर पाय सरकला नाही, ती शीट घेऊन तो स्वतः रूपाच्या बाथरूममध्ये बसवून आला.

महिन्याभरात रूपाचा ओठ फाटला. या वेळी म्हणे ती किचनमध्ये घसरली होती. शालिकरामने तीच शीट किचनभर टाकली.

काल रूपाच्या कपाळावर तीन टाके दिसले.

"बाथरूमातच पाय सरकला, मामाजी."

शालिकरामने बादलीत साबण कालवला, सगळं पाणी बाथरूमच्या शीटवर ओतलं आणि दारातून बाजूला झाला.



"आता तुमी घसरून दाखवा, जावईबापू. तोवर रूपा बॅग भरते."