वर गेलेले ठसे

श्टुटगार्टमधल्या आमच्या इमारतीत जिना झाडायचं काम आठवड्याआठवड्याने फिरायचं. सत्तावन्न साली, खालच्या हेगेलेबाईंच्या आठवड्यात, त्या सोमवारी सकाळीच झाडू घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"काल चिखलाचे ठसे वर आलेत. खिळ्यांच्या बुटांचे. खाली गेलेला एकही नाही. कुठे लपवलंयस त्याला?"

"कुणी नाहीये हो."

"मला शिकवतेस? सरक!"

त्यांनी पलंगाखाली पाहिलं, कपाट उघडलं. न्हाणीघरात बूट सापडले आणि बादलीत भिजत घातलेली नऊ नंबरची जर्सी. ती त्यांनी माझ्या अंगाला लावून पाहिली. मग माझे सोललेले गुडघे पाहिले. बायकांच्या फुटबॉलवर बंदी होती. आम्हाला मैदान मिळत नसे, मग बूट बदलायला खोली कुठली मिळणार?

"पुरुष असता तर परवडलं असतं," त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या. "लग्न लावून दिलं असतं. याचं काय करू?"

त्यानंतर मी अकरा वर्षं खेळले. त्या अकराही वर्षांत, आठवडा कुणाचाही असो, रविवारी संध्याकाळी माझ्या मागोमाग जिना हेगेलेबाईच पुसायच्या.